फोरट्रानपुढचं नाव

"कोनले लागस?"

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधले आबा हा प्रश्न दिवसातून निदान दहा वेळा विचारायचे. कोणाला लागतं? तुम्ही मशीनवर काहीही नवीन टाकायला सांगा, आबा आधी उजव्या हाताचा तळवा मशीनच्या डब्यावर ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. मग चष्म्यावरून तुमच्याकडे बघायचे आणि विचारायचे. आवाज अगदी साधा. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, लग्नाच्या पंगतीत आपण दोन लाडू जास्तीचे उचलले आणि नेमके पकडले गेलो.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. नवीन पेन मागितलं तर जुनं दाखवा म्हणणारा. त्याच्या नावाने तुम्हीही बोटं मोडली असतील. मी तर भरपूर मोडली. मी मुळात तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर धुळ्याचं, सासरही धुळ्याचंच, आणि दोन्ही घरांचं माझ्या जिभेबद्दल एकमत आहे.

जळगावच्या त्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा मी मेहरूणला एक खोली भाड्याने घेतली होती. सोमवार ते शुक्रवार जळगाव, शुक्रवारी संध्याकाळी एस.टी.ने धुळं. नवरा आणि लेक तिकडे. शिकवता शिकवता पीएच.डी. करायची होती. विषय होता रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातलं जमिनीखालचं पाणी. किती उरलंय, किती वेगाने खाली चाललंय. ते गणित करणारा एक मोठा प्रोग्रॅम माझ्या मार्गदर्शक सरांनी तरुणपणी फोरट्रान नावाच्या जुन्या भाषेत लिहून ठेवला होता. तो चालायचा आबांच्या लॅबमध्ये. म्हणून आबांशी गाठ पडली, आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं.

भांडणाआधी ती लॅब समजून घ्या. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेली तीस मशीन तिथे होती. बाजारातली नवी सिस्टिम टाकली की ती धापा टाकायची. आबांचं पद म्हणजे प्रयोगशाळा परिचर, शिक्षण बारावी. पण त्यांनी त्या तीसही मशीनवर एक वेगळीच सिस्टिम बसवली होती. आपल्याकडे कॉम्प्युटर येतो तो तयार पिठाच्या पिशवीसारखा, सगळं आत दळून भरलेलं. आबांची पद्धत दळणाची. माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर आणायचा आणि आपल्याच मशीनवर दळून त्याचा प्रोग्रॅम करायचा. जाडं की बारीक, काय मिसळायचं, काय वगळायचं, हे आपण सांगायचं. दळायचं काम करणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. आणि गंमत अशी, की तो कंपायलरसुद्धा आधी दळूनच घ्यावा लागतो. त्यालाही शंभर पर्याय. कोणत्या भाषा समजाव्यात, कोणत्या नको. जितके पर्याय जास्त, तितके दळायला तास जास्त.

त्या शंभर पर्यायांसाठी आबांनी एक लांबट रजिस्टर ठेवलं होतं. तीन रकाने. पर्याय, कोणाला लागतो, कशासाठी. मधल्या रकान्यात माणसाचं नाव नसेल तर तो पर्याय बंद. मग जगात तो कितीही गाजत असो.

मी पहिल्या दिवशी गेले आणि आलेख काढायचा एक प्रोग्रॅम टाकायला सांगितला. आबांनी पर्यायांची यादी समोर धरली. मी म्हटलं, "सगळेच टाका."

"कोनले लागस?"

"असू द्या हो. कधी लागलं तर!"

आबा शांतपणे म्हणाले, "'कधी लागलं तर' नावाचं कोणी आपल्या कॉलेजात नाही, मॅडम. मी हजेरीपट बघितलाय."

मागे बसलेले दोन प्राध्यापक फिदीफिदी हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक परिचर, आणि मला हजेरीपट दाखवतो! आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "फोरट्रानपुढे सरांचं नाव आहे. तुम्हीपण तोच प्रोग्रॅम वापरणार ना? मग तुमचंही लिहितो. नाव सांगा."

"सरांचं आहे ना? मी त्यांचीच विद्यार्थिनी. माझी वेगळी हजेरी कशाला?"

आबांनी पेन्सिल क्षणभर तशीच कागदावर धरली. मग परत कानावर ठेवली. "बरं," म्हणाले.

ही पेन्सिल लक्षात ठेवा. मी विसरले होते.

पुढे हळूहळू कळत गेलं की हे माझ्याच वाट्याला आलेलं नव्हतं. एकदा प्राचार्य लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "आबा, व्हिडिओचं सगळं बसवून घ्या, सगळ्यांना लागतं." आबा उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि अदबीने विचारलं, "सगळे म्हणजे कोण, साहेब? एकाचं नाव सांगा, म्हणजे काही बिघडलं तर मी त्यांना विचारीन." प्राचार्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि घड्याळात बघून निघून गेले. व्हिडिओ काही बसला नाही.

आबांना नुसतं 'नाही' म्हणायची हौस होती असं मात्र समजू नका. कोपऱ्यात एक मशीन होतं, तिसातलं सगळ्यात जुनं. आबा त्याला 'म्हातारी' म्हणायचे. कंपायलरला सांगता येतं, की दळण कोणत्या मशीनला पचेल असं करायचं. नव्या मशीनच्या मापाने केलं तर ते जोरात पळतं, पण जुन्यावर चालतच नाही. आबा म्हातारीच्या मापाने करायचे. मी एकदा म्हटलं, "एका मशीनसाठी एकोणतीस मशीन हळू का चालवता?"

"काबर? का म्हणून विचारता? म्हातारीवर कोण बसतं ते माहितीये का तुम्हाला?"

नव्हतं. म्हातारीवर ग्रंथालयातल्या एक बाई बसायच्या. एका पायाने अधू. ते मशीन दाराजवळ होतं, आणि आतल्या रांगांतून त्यांना नीट जाता येत नसे. त्यांचं नाव रजिस्टरात होतं. कारणाच्या रकान्यात नुसतं 'दाराजवळ' असं लिहिलं होतं.

आणि जळगावचा उन्हाळा! इथल्या मे महिन्याबद्दल बाहेरच्यांना सांगून काही उपयोग नाही. दळण चालू असताना एकाच वेळी किती कामं काढायची, हेही कंपायलर चालवताना ठरवता येतं. थंडीत आबा चार-चार कामं लावायचे. मार्च लागला की तीन, एप्रिलात दोन, आणि मे महिन्यात एकच. तळवा डब्यावर ठेवून म्हणायचे, "माणसाला म्हणतो ना आपण, उन्हाचं एका दमात करू नको? मग हिलेच काबर घाई?" त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचा पंखा खडखडायचा. त्याची तक्रार त्यांनी कधी दिल्याचं मला आठवत नाही.

इंग्रजी ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. कंपायलरच्या माहितीची पानं छापून, टोचून त्याचं बाड केलं होतं. अडलं की मला विचारायचे, आणि मला ते आवडायला लागलं होतं, कबूल करते. एकदा विचारलं, "मॅडम, डेप्रिकेटेड म्हणजे काय हो?"

"म्हणजे ते अजून आहे, पण यापुढे वापरू नका असं सांगितलंय."

"अच्छा," आबा म्हणाले, "म्हणजे निवृत्त." आणि शब्दकोशाच्या कडेला तसं लिहूनही ठेवलं.

आता त्या रविवारबद्दल सांगते. हे सगळं लिहायला घेतलं तेच मुळी त्या रविवारसाठी.

माझं सहावं वर्ष संपत होतं. प्रबंध तयार होता. समितीने एका प्रकरणातले आकडे पडताळणीसाठी परत काढायला सांगितले होते, आणि ते धरून सगळं विद्यापीठात सोमवारी दुपारी पाचच्या आत द्यायचं होतं. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. सोमवार चुकला की नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात. माझी लेक शुक्रवारची वाट बघत बघत पहिलीतून सातवीत गेली होती. त्या शुक्रवारी मी घरी गेले नाही. तिला फोनवर सांगितलं, "हा शेवटचा रविवार." ती म्हणाली, "तू मागेही म्हणाली होतीस."

रविवारी सकाळी आठला लॅबची किल्ली घेऊन गेले, मशीन लावलं, प्रोग्रॅम सुरू केला. तीन तासांचं काम होतं. एका सेकंदात पडद्यावर ओळ आली. फोरट्रानची लायब्ररी सापडत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करायला गेले, तर कंपायलर म्हणतो, फोरट्रान? ती कोण?

हातपाय गार पडले माझे. मे महिन्यात, जळगावात.

झालं होतं ते असं. शुक्रवारी माझ्या सरांचा निरोप समारंभ झाला. सर निवृत्त झाले, हार घातले गेले, आम्ही सगळे रडलो. आबाही मागे उभं राहून डोळे पुसत होते. समारंभ संपल्यावर ते लॅबमध्ये गेले, रजिस्टर उघडलं आणि सरांच्या नावावर पट्टीने रेघ मारली. फोरट्रानपुढे दुसरं नाव नव्हतं, आणि प्रबंध तयार झाला म्हणजे माझं काम संपलं असं त्यांनी धरलं. नाव नाही, तर पर्याय बंद. शनिवारी त्यांनी फोरट्रानशिवाय नवा कंपायलर दळला, जुना साफ केला आणि तीसही मशीनवर पोचवला. सगळं त्यांच्या नियमाने, एकदम चोख.

तुम्ही म्हणाल, दुसरा कॉम्प्युटर नव्हता का? माझा लॅपटॉप होता. पण त्याच्यावर शेवटच्या घरातले आकडे किंचित वेगळे यायचे, आणि समितीला आधीच्या आकड्यांशी जुळणारेच हवे होते. ते फक्त आबांच्या मशीनवर निघत.

मी आबांना फोन केला. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पंधरा मिनिटांत ते सायकलवरून आले. मी दारातच गाठलं त्यांना.

"तुमच्या त्या रजिस्टराच्या नादात माझी सहा वर्षं घालवलीत आबा! कोणी सांगितलं होतं काढायला? तुमच्यामुळे झालं हे सगळं!"

आबांचा चेहरा उतरला. सायकलची किल्ली हातात तशीच. "हो," ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

एवढंच. मी भांडायला शब्द जुळवून उभी होते. समोरचा भांडतच नाही म्हटल्यावर शब्द तोंडातच राहिले.

त्यांनी मशीनवर तळवा ठेवला, घड्याळ बघितलं आणि बोटांवर मोजलं. फोरट्रान घालून कंपायलर परत दळायला सात-आठ तास. त्यापुढे माझे तीन तास. लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून. आणि उन्हाळ्यातल्या रविवारी लाइट जाणारच, यात काही शंका नव्हती.

"बाकीच्या भाषा काढून टाका आज," मी म्हटलं. "तेवढा वेळ वाचेल."

आबांनी रजिस्टर उघडलं. दोन भाषा होत्या, दोन्हींपुढे एकेक नाव. "यांना विचारल्याशिवाय?"

"आबा, रविवार आहे! कोणाला कळणार आहे?"

"परवा तुमचं असंच झालं ना, मॅडम."

त्यांनी फोन लावले. पहिले सर अमळनेरला लग्नात होते, मागे बँड जोरात. आबा ओरडून विचारत होते, "सर, तुमचं ऑब्जेक्टिव्ह-सी एक दिवस काढू का?" पलीकडून, "काय काढू?" "ऑब्जेक्टिव्ह-सी! उद्या परत घालतो!" शेवटी पलीकडून "काढा, काढा, जेवून घ्या" असं काहीतरी ऐकू आलं. आबांनी रजिस्टरात लिहिलं: तोंडी परवानगी.

दुसरे सर झोपेतून उठले आणि म्हणाले, "आबा, काढा की. मी ती भाषा कधी वापरलीच नाही. तुम्ही नाव विचारलं म्हणून दिलं होतं."

आबा फोनकडे बघतच राहिले. "चार वर्षं दळतोय मी ती," ते माझ्याकडे बघून म्हणाले. इतक्या भयंकर सकाळीसुद्धा मला हसू आलं. मग तेही हसले. तोंडातला राग थोडा खाली बसला माझ्या.

पण एक गोष्ट राहिली होती. कंपायलर दळताना तो तीनदा दळला जातो. आधीचा कंपायलर नव्याला घडवतो. तो नवा स्वतःला पुन्हा घडवतो, मग आणखी एकदा, आणि शेवटचे दोन ताडून बघतो, फरक निघाला का. हे वगळायचा एक पर्याय असतो. तो घेतला तर निम्म्याहून जास्त वेळ वाचतो. एवढं मलाही माहीत होतं.

"ते वगळा," मी म्हटलं. "एकदाच दळा. बारापर्यंत होईल."

"ते नको."

"आबा, हात जोडते."

"माय," ते म्हणाले. मला मॅडम सोडून त्यांनी पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. "शेतकरी तुमचं पुस्तक बघून ठरवतील ना, बोअर किती खोल मारायची? मग ज्याच्यावर तुमची बेरीज उभी, त्याले न तपासता कसं सोडू? शुक्रवारी मी घाई केली. एकदा केली ना."

मी पाय आपटत खिडकीशी जाऊन उभी राहिले. नऊ वाजता दळण सुरू झालं. एका वेळी एकच काम.

मग आबा निघून गेले. मला वाटलं, चहाला गेले असतील. अर्ध्या तासाने एक रिक्षा आली. त्यात आबा, आणि त्यांच्या घरचा इन्व्हर्टर, बॅटरीसकट. दोघांनी, म्हणजे रिक्षावाल्याने आणि मी, तो धरून आत आणला. आबा वायर जोडायला बसले. मी विचारलं, "घरी काकू काय करतील हो या उन्हात?" त्यांनी उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. काकूच होत्या. आबांनी मला दिला. "लाजू नको वं," काकू म्हणाल्या, "पंखा काय, रोजचाच शे. तुम्हनं काम होऊ दे." सोबत डबाही पाठवला होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा.

बाराला लाइट गेली. इन्व्हर्टरने मशीन धरलं. टेबलफॅन आबांनी मशीनच्या उघड्या बाजूशी लावला होता. दारातला कूलर त्यांनी आधीच माझ्याकडे वळवून ठेवला होता. ओली हवा मशीनला चालत नाही, असं कारण दिलं. इन्व्हर्टरवर मशीन आणि टेबलफॅन एवढंच चालणार होतं. कूलर बंद पडला तसा त्यांनी एका पुठ्ठ्याने मला वारा घालायला सुरुवात केली. मी पुठ्ठा ओढून घेतला. त्यांच्या वाट्याला ना फॅन, ना कूलर. सदरा पाठीला चिकटलेला. दर थोड्या वेळाने तळवा डब्यावर.

त्या दुपारी, भाकरी खाताना, मी रजिस्टर चाळत बसले. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. फोरट्रानची ओळ आली. सरांच्या नावावर ताजी रेघ. आणि नावाच्या खाली पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. पेन्सिल टेकवून कोणीतरी लिहायचं राहून गेलेला.

ठिपका कोणाचा ते मला लगेच आठवलं. माझी वेगळी हजेरी कशाला, असं म्हटलं होतं मी. एका नावाची तर गोष्ट होती. लिहिलं असतं तर सर निवृत्त झाले काय आणि परदेशी गेले काय, फोरट्रानला धक्का लागला नसता. आबांना हे सकाळी दारातच माहीत होतं. मी तोंडावर ओरडत होते तेव्हा माहीत होतं. 'मी मागितलं होतं तुमचं नाव' एवढं त्यांनी म्हटलं असतं तर माझी बोलती बंद झाली असती. दिवसभरात त्यांनी ते एकदाही काढलं नाही.

मी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "आबा," मी म्हटलं, "चूक माझी होती."

"खाऊन घ्या," आबा म्हणाले. "थंडी भाकरी कडक होते."

साडेचारला दळण संपलं. तिन्ही वेळा दळून, शेवटचे दोन ताडून झाले, फरक शून्य. तोवर लाइट आली होती. माझा प्रोग्रॅम सुरू झाला, आणि साडेसातला शेवटचा आकडा पडद्यावर आला. आधीच्या आकड्यांशी जुळणारा, शेवटच्या घरापर्यंत. मी रडले. आबांनी दुसरीकडे बघत इन्व्हर्टरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. म्हणाले, "काकू वाट बघत असतील पंख्याची."

निघायच्या आधी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल नाही, पेन दिलं. मी फोरट्रानपुढे माझं नाव लिहिलं. पहिल्या पानावर आबांनी त्यांच्या वळणदार अक्षरात एक नवा नियम लिहिला: ज्याचं नाव, त्यानेच येऊन खोडायचं.

सोमवारी प्रबंध गेला. वर्षभरात नावामागे डॉक्टर लागलं, धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली, आणि माझी लेक आठवड्याचे सातही दिवस मला बघून कंटाळायला लागली. हे सगळं त्या एका दिवसामुळे मिळालं. असं म्हटलं की लोक म्हणतात, तुमची मेहनत होती. होती ना. पण मेहनत लॅबच्या दारात ओरडत उभी होती. काम आबा करत होते.

दर हिवाळ्यात आबांचा फोन यायचा. "वांगी चांगली आलीत. भरीत खायला या. येता येता नाव खोडून जा."

"तुम्हीच खोडा की आबा. मला आता कुठे लागतं फोरट्रान?"

"मी नाही बा. एकदा खोडून बघितलं."

मी हसायचे. येते म्हणायचे. धुळ्याहून जळगाव काही लंडन नाही. पारोळा, एरंडोल, की आलंच. पण परीक्षा, लेकीची दहावी, सासूबाईंचा गुडघा. सात हिवाळे गेले. आबा मध्येच निवृत्तही झाले, तरी लॅबमध्ये येतच राहिले. नव्या लॅबप्रमुख म्हणून एक मॅडम आल्या होत्या, त्यांना सगळं शिकवलं.

गेल्या डिसेंबरात फोन आला नाही. जानेवारीत त्या मॅडमचा आला. आबा गेले होते. झोपेतच, त्रास न देता.

मी गेले तेव्हा आधी घरी गेले. काकूंनी मला ओळख सांगायची वेळ येऊ दिली नाही. जेवायला बसवलं. ताटात भरीत होतं. "दर वर्षी म्हणत," काकू म्हणाल्या, "औंदा त्या येतीन." त्यांच्यासमोर रडायचीही मला लाज वाटली. सात वर्षांत चार तास काढता आले नव्हते मला.

तिथून लॅबमध्ये गेले. म्हातारीसकट जुनी मशीन भिंतीशी रचून ठेवली होती. खोक्यांतून नवी निघत होती. मॅडमनी ते रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. कितीतरी नावांवर रेघा होत्या, प्रत्येक रेघेशी ज्याची त्याची सही. बरेच जण येऊन खोडून गेले होते. माझं नाव तसंच होतं. त्याच्यापुढे बारीक बारीक खुणा, दर वेळी कंपायलर नव्याने दळला की एक. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. सात वर्षं, दर खेपेला, उन्हाळ्यात एकेक कामाने, आबा फोरट्रान दळत होते. कोणी वापरत नव्हतं. माझं नाव होतं, एवढ्यासाठी. चार वर्षं फुकट दळलेल्या भाषेवर त्या रविवारी मी हसले होते, ते आठवलं.

मी सगळं रजिस्टर पालथं घातलं. आबांचं स्वतःचं नाव एकाही पर्यायापुढे नव्हतं. त्यांना काहीच लागलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "नव्या मशीनवरही आबांचीच सिस्टिम बसवतेय. आजच कंपायलर बांधायला घेते. तुम्ही आलाच आहात तर सांगा, फोरट्रान ठेवू की काढू? कोणाला लागतं?"

मी पेन मागून घेतलं. आधी पट्टी लावून माझ्या नावावर सरळ रेघ मारली आणि सही केली. आबा सांगत होते तेवढं तरी करायला हवं होतं.

"म्हणजे काढू ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ठेवा."

"मग नाव सांगा."

आबांना हे आवडलं नसतं, ठाऊक आहे मला. त्यांनी डब्यावर तळवा ठेवून चष्म्यावरून बघितलं असतं. बघू देत. मी माझ्या खोडलेल्या नावाखाली, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, आबांचं पूर्ण नाव लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, पहिल्या पानावरचा नियम वाचला, आणि फोरट्रानपुढे 'चालू' अशी खूण केली.

आता ते नाव खोडायचं असेल, तर आबांनी स्वतः यावं.